तिसरं वाक्य

१

सोमवारी सकाळी शहरातली दोनशे चौदा म्हातारी माणसं एकदम मुकी झाली.

वाचनालयाच्या संकेतस्थळावर 'आठवणी' नावाचा विभाग होता. शहरातल्या वृद्धांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या गोष्टी तिथे ऐकायला मिळत. कुणी पहिल्या नोकरीची सांगितलेली, कुणी पुराची, कुणी नुसत्याच आपल्या म्हशीच्या तक्रारी केलेल्या. त्यातले निम्म्याहून जास्त लोक आता हयात नव्हते. सोमवारी एक मुलगी बापाचा आवाज ऐकायला बसली, तर आवाज नाहीच, विभागसुद्धा नाही. तिने वाचनालयात येऊन टाहो फोडला, तेव्हा सगळ्यांना कळलं.

संगणक चुगलखोर असतो. कोणी, केव्हा, काय केलं ते सगळं लिहून ठेवतो. नोंद स्पष्ट होती: शनिवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सबंध विभाग कायमचा पुसला गेला, आणि तो, संकेतस्थळाचं रोजचं काम बघणाऱ्या ज्या बाईंना सगळे वन्सं म्हणत, त्यांच्या खात्यातून पुसला गेला.

"चार वाजता समिती बसतेय," ग्रंथपाल म्हणाले. "वन्संना घरी पाठवायचं जवळजवळ ठरलंय. पण अध्यक्षांचं म्हणणं, आधी कुणीतरी नीट चौकशी करावी. मी तुमचं नाव सुचवलं."

समोर कोशबाई बसल्या होत्या. पिशवीत सदैव दोन जाडजूड शब्दकोश घेऊन हिंडतात म्हणून हे नाव. संकेतस्थळ चालवण्याची सगळी यंत्रणा आधी परक्या भाषेत होती. तिची बटणं, सूचना, इशारे, अशा चारशे बारा चौकटींचा मजकूर कोशबाईंनी मराठीत आणला होता. त्याचं उद्घाटन झालं तेव्हा त्यांचा सत्कारही झाला होता, आणि त्या सत्काराचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात अगदी दारासमोर लावलेला होता.

"पण वन्सं माझ्या सख्ख्या नणंद," कोशबाई म्हणाल्या. "मी चौकशी केली तर लोक म्हणतील, घरच्यांना वाचवलं."

"नाही म्हणणार." ग्रंथपालांनी छातीवर लोंबणारा चष्मा उगाच पुसला. "तुमचा त्यांच्यावर फारसा जीव नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

कोशबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खोटं असतं तर त्यांनी भांडण केलं असतं.

ग्रंथपालांनी आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. तंत्र शिकवायला म्हणून एक रिकामा विभाग केलेला होता, त्यावर त्यांनी 'काढा' दाबलं. इशाऱ्याची चौकट उघडली. कोशबाईंनी आपलीच वाक्यं वाचली:

'सविनय सूचना: आपण केलेल्या निवडीबद्दल आभारी आहोत. आपण निवडलेला विभाग मुखपृष्ठावरील यादीतून काढून टाकण्यात येत आहे. या विभागातील सर्व साहित्य कायमचे नष्ट होईल व ते परत मिळणार नाही.'

खाली दोन बटणं होती, 'पुढे चला' आणि 'नको'.

"हे तिसरं वाक्य वाचून शहाणा माणूस 'पुढे चला' दाबेल?" ग्रंथपालांनी विचारलं. "आणि वन्सं म्हणतात, असं वाक्य तिथे नव्हतंच."

२

वन्सं मागच्या खोलीत जुन्या मासिकांना पुठ्ठे चिकटवत बसल्या होत्या. संगणकाला हात लावायची सकाळपासून बंदी होती, पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या, लग्न न केलेल्या, एका जागी तीस वर्षं नोकरी केलेल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. चिकटपट्टी नाकाजवळ धरून त्या तिचं टोक शोधत होत्या.

"बस गं," त्या म्हणाल्या. "चौकशी करायला आलीस ना? मग तू समोर बस, मी आरोपीच्या जागेवर बसते."

कोशबाईंना हसू आलं नाही. "वन्सं, खरं काय ते सांगा. बटण तुम्ही दाबलंत?"

"मीच दाबलं. दुसरं कोण दाबणार? मुखपृष्ठावरची यादी फार लांबली, 'आठवणी' तिथून काढून दुसरीकडे टाका, असं साहेबांनी शुक्रवारी सांगितलं. 'काढा' असं बटण दिसलं, ते दाबलं. मग चौकट आली. मी सगळी वाचली. बोट ठेवून वाचली, दोनदा. यादीतून काढून टाकण्यात येत आहे, असं लिहिलं होतं. मला तेच करायचं होतं. मग मी पुढे चला केलं."

"आणि तिसरं वाक्य?"

"तिसरं वाक्य नव्हतंच गं."

"वन्सं, ते मी स्वतः लिहिलंय!"

"तू लिहिलं असशील. मला दिसलं नाही."

आता इथे सांगायला हवं, की गेली बावीस वर्षं कोशबाई वन्संना मनातल्या मनात अडाणी समजत आल्या होत्या. वन्संची शाळा मध्येच सुटली होती, घर चालवायला. त्यांच्या पगारावर धाकटा भाऊ शिकला, आणि त्या शिकलेल्या भावाशी कोशबाईंचं लग्न झालं. हे भाषांतराचं कामसुद्धा वन्संनीच मिळवून दिलं होतं. 'आमची भावजय आहे ना, तिला द्या,' असं त्यांनी समितीला चार वेळा सांगितलं होतं. कोशबाई मात्र बाहेर सांगत, मला समितीने शोधून काढलं.

"निदान वाचताना चूक झाली असं तरी म्हणा," कोशबाई म्हणाल्या. "माफी मागितली तर समिती ऐकेल."

वन्संनी पुठ्ठा खाली ठेवला. "त्यात आईचा आवाज होता," त्या म्हणाल्या. "तो मी वाचल्याशिवाय पुसेन?"

३

कोशबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच एक गोष्ट नीट बसली. वन्सं आळशी नव्हत्या, लबाड तर मुळीच नव्हत्या. बोट ठेवून दोनदा वाचणाऱ्या बाईला धडधडीत वाक्य दिसलं नाही, म्हणजे एक तर ते तेव्हा तिथे नव्हतं, नाही तर बटण दाबणारा हात दुसऱ्याच कुणाचा होता आणि वन्सं कुणाला तरी पाठीशी घालत होत्या.

वाक्य कोण बदलू शकतं? असं विचारायला त्या प्रोग्रॅमरकडे गेल्या. प्रोग्रॅमर ही तिशीतली, बोलायला तिखट बाई. तीन वाचनालयांची संकेतस्थळं एकटी सांभाळायची, त्यामुळे तिला गोड बोलायला सवड नसे.

"वाक्यं बदलता येतात मला," ती म्हणाली. "पण बदलली की तारीख पडते. ही पाहा. तुम्ही काम पूर्ण करून दिलंत त्या दिवसानंतर कुणी काना-मात्रा हलवलेली नाही."

"मग विभाग परत आणता येईल?"

"एखादा लेख पुसला तर तो टोपलीत पडतो, उचलून घेता येतो. सबंध विभाग पुसला की थेट गेला. माझ्याकडे दोन महिन्यांपूर्वीची प्रत आहे, त्यात दोनशे तीन आवाज आहेत. ते आज संध्याकाळपर्यंत परत येतील. त्यानंतरचे अकरा गेले."

"त्या अकरांत आमच्या सासूबाई?"

प्रोग्रॅमरने यादी पाहिली आणि तिचा तिखटपणा जरा उतरला. "हो. दोनशे चौदावा नंबर. शेवटचा. वन्संनी आईचं ध्वनिमुद्रण वर्षभर थांबवून ठेवलं होतं. म्हणायच्या, आधी बाकीच्यांचं होऊ दे, घरचं शेवटी. आणि एकदा वर चढवलं की रेकॉर्डर रिकामा करायचा, असा इथला नियम आहे."

आता हयात नसलेल्या सासूबाईंचं ते ध्वनिमुद्रण कोशबाईंनी एकदाही ऐकलं नव्हतं. ऐकू कधीतरी, म्हणून राहिलं होतं.

"एक विचारू?" उठताना प्रोग्रॅमर म्हणाली. "तुमची वाक्यं इतकी लांब का असतात हो? मूळ इशारा एका ओळीचा होता. 'यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल', बस. मी चौकटी तेवढ्याच मापाच्या केल्या होत्या. तुमच्यासाठी मला सगळ्या उंच कराव्या लागल्या."

"मूळ वाक्य फार उद्धट वाटत होतं," कोशबाई म्हणाल्या. "भाषेला काही अदब असते."

"असेल बाई," प्रोग्रॅमर म्हणाली.

मग कोशबाईंनी दुसरी वाट धरली. शनिवारी अकराच्या सुमारास वन्संच्या खोलीत कोण गेलं होतं? दारावरच्या शिपायाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

"साहेब गेले होते की. दार लावून घेतलं मागून."

४

ग्रंथपालांना 'आठवणी' विभाग कधीच आवडला नव्हता. वाचनालयात पुस्तकं असावीत, खोकला आणि म्हशी कशाला, असं ते समितीत उघड म्हणाले होते. शुक्रवारी वन्संना ते काम त्यांनीच दिलं होतं. कोशबाईंना वाटलं, आता धागा हाती आला.

"शनिवारी तुम्ही वन्संच्या खोलीत दार लावून काय करत होतात?"

ग्रंथपालांचा चेहरा पडला. बराच वेळ ते टेबलावरचा शिक्का या बाजूचा त्या बाजूला करत राहिले.

"कुणाला सांगणार नाही?"

"चौकशी आहे साहेब. कबूल करू शकत नाही."

"माझे वडील आहेत त्यात," ते शेवटी म्हणाले. "एकशे सहावा नंबर. जिवंतपणी मी त्यांच्याशी सात वर्षं बोललो नाही. या खोलीत सगळे येतात-जातात, म्हणून शनिवारी मी वन्संकडे जातो, कानाला लावतो आणि ऐकतो. विभागाला विरोध करणारा माणूस स्वतःच जाऊन रडतो, हे कुणाला कळू नये म्हणून दार लावतो. वन्सं दर वेळी पाठ करून बसतात. आजवर एका शब्दाने त्या कुणाकडे बोलल्या नाहीत."

म्हणजे वन्सं पाठीशी घालत होत्या ते याला. पण विभाग पुसण्यात या माणसाचा काय फायदा? उलट तो सकाळपासून आतल्या आत उन्मळून बसला होता, आणि तो राग वन्संवर काढत होता.

"तुम्ही निघालात तेव्हा वन्सं काय करत होत्या?"

"तेच ते. चौकट उघडलेली होती आणि बोट ठेवून वाचत होत्या. दार उघडून मी वळून म्हटलं, येतो. तेव्हा मलाही पडद्यावर दिसलं, यादीतून काढून टाकण्यात येत आहे. मी म्हटलं, हां, तेच करा. आणि गेलो."

"तुम्ही दारातून वाचलंत?"

"हो."

"चष्मा होता डोळ्यांवर?"

ग्रंथपालांचा हात छातीवरच्या चष्म्याकडे गेला. "नव्हता," ते म्हणाले. "डोळे पुसायला काढला होता."

वन्संच्या टेबलापासून दार चांगलं दहा पावलांवर होतं. चष्म्याशिवाय ग्रंथपालांना समोर बसलेल्या माणसाच्या मिशा दिसत नसत.

उत्तर कोशबाईंना त्याच क्षणी कळलं होतं, पण मन म्हणत होतं, एकदा डोळ्यांनी बघून घे, कदाचित तसं नसेल.

५

"वन्संचा संगणक उघडा," त्यांनी प्रोग्रॅमरला सांगितलं. "त्यांच्याच खात्यातून."

"सकाळीच कुलूप घातलंय त्याला. समितीचा हुकूम आहे."

"म्हणूनच अजून कुणी पाहिलं नाही. उघडा."

पडदा उजळला आणि प्रोग्रॅमर "अगं बाई!" म्हणाली. अक्षरं केवढाली होती. साध्या पडद्यावर जिथे दहा ओळी मावायच्या तिथे चार मावत होत्या. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरकडे सोबत येशील का, असं त्यांनी भावजयीला सहा महिन्यांपूर्वी विचारलं होतं. भावजय म्हणाली होती, पुढच्या महिन्यात जाऊ. मग वन्संनी स्वतःच शोधून काढलं, की दोन बटणं एकदम दाबली की अक्षरं मोठी होतात, आणि त्या कामाला लागल्या. तक्रार केली असती तर घरी बसवलं असतं, म्हणून बोलल्या नाहीत.

प्रोग्रॅमरने शिकवणीच्या रिकाम्या विभागावर 'काढा' दाबलं. चौकट उघडली. सविनय सूचना आली, आभार आले, यादीतून काढून टाकण्यात येत आहे हे आलं आणि पूर्णविराम आला. तिथे चौकट संपली. खाली 'पुढे चला' आणि 'नको'. तिसरं वाक्य चौकटीच्या कडेखाली गेलं होतं, आणि ते तिथे आहे याची कुठे काही खूण नव्हती.

"वाक्य पूर्ण वाटतं हो," प्रोग्रॅमर हळू आवाजात म्हणाली. "मीसुद्धा दाबलं असतं."

वन्संनी न वाचता चूक केली नव्हती. समोर होतं ते सगळं वाचलं होतं, दोनदा. जी ओळ सगळ्यांत आधी हवी होती, ती कोशबाईंनी अदबीच्या दोन वाक्यांमागे उभी केली होती.

"पण असं व्हायला नको होतं," प्रोग्रॅमर कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, प्रत्येक चौकट एकदा साध्या आणि एकदा मोठ्या अक्षरांत उघडून बघा, मावत नसेल तर मजकूर तोडा? तक्ता दिला होता मी. तो भरून आला होता. थांबा, शोधते. कुठल्या फायलीत ठेवला देव जाणे."

"मिळाला नाही तर?"

"तर काय. कुणी विचारणार आहे? म्हणू चौकट लहान पडली, वन्संची नजर अधू. दोष कुणाचाच नाही."

कोशबाई खुर्चीवर बसल्या. तो तक्ता त्यांच्या पिशवीतच होता, शब्दकोशांच्या मध्ये. शेवटच्या रकान्याचं नाव 'मोठ्या अक्षरांत पाहिले'. पहिल्या चाळीस चौकटी त्यांनी खरोखर पाहिल्या होत्या. मग वाजले तीन, पाचला सत्कार होता, साडी बदलायची होती. त्यांनी चाळिसाव्या ओळीतली बरोबरची खूण धरली आणि खालपर्यंत ओढत नेली. एका झटक्यात चारशे बारा बरोबर. विभाग पुसण्याचा इशारा तीनशे अठ्ठ्याऐंशीवा होता.

चार वाजायला दहा मिनिटं होती. नजर अधू म्हटलं तर वन्सं त्याच संध्याकाळी घरी. कोशबाई मात्र सहीसलामत सुटत होत्या.

६

समितीत पाच माणसं होती. वन्सं भिंतीला लागून उभ्या होत्या, कुणी बसा म्हटलं नव्हतं म्हणून.

कोशबाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. वाक्य कुणी बदललं नाही. दुसरा हात नव्हता. एक साक्षीदार सांगतो, की वन्संनी चौकट नीट वाचली, आणि तो स्वतः चष्मा नसताना दारातून ती वाचू शकला, म्हणजे अक्षरं मोठी होती. त्या साक्षीदाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. ग्रंथपाल मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी वन्संचा संगणक मध्ये आणून चौकट दाखवली.

"थोडक्यात, वन्संच्या डोळ्यांमुळे," अध्यक्ष म्हणाले. "वाईट वाटतं, पण ज्याला नीट दिसत नाही त्याच्या हाती इतकं नाजूक काम..."

"नाही," कोशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "डोळ्यांमुळे नाही. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठीच मोठ्या अक्षरांत तपासायचं ठरलं होतं. ते माझं काम होतं. हा तक्ता. इथपर्यंत मी पाहिलं. इथून खाली नुसती खूण ओढली. सत्काराला उशीर होत होता."

तक्ता टेबलावर हातोहात फिरला. कुणी रागावलं नाही, आणि तेच जास्त लागलं. अध्यक्षांनी तो चष्म्याजवळ धरून सावकाश पाहिला, जसा आपण शेजाऱ्याच्या घरातला पसारा बघू नये तरी बघतो. दारात ती बापाचा आवाज शोधायला आलेली मुलगीही येऊन उभी होती. तिच्या बापाचा आवाज दोनशे तिनांत होता, परत येणार होता. बाकी अकरांच्या घरी कोण जाऊन काय सांगणार, हे कुणी विचारलं नाही, तेव्हा कोशबाईच म्हणाल्या, "अकराही घरी मी जाईन."

"दहा," वन्सं भिंतीपाशी म्हणाल्या. "अकरावं घर आपलंच आहे."

वन्संची नोकरी राहिली. चारशे बाराही चौकटी नव्याने तपासायचं ठरलं, आणि या वेळी प्रत्येक चौकट वन्संच्या पडद्यावर, वन्संच्या समोर.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर कोशबाईंनी वन्संचा हात धरला. बावीस वर्षांत प्रथमच. "वन्सं, मला तुमची मनापासून क्षमा मागायची आहे. मी आजवर आपल्याला जे समजत आले, ते किती चुकीचं होतं याची जाणीव मला अत्यंत खेदपूर्वक... म्हणजे सासूबाईंच्या आवाजाबाबत जी अपरिमित हानी माझ्या हातून..."

बोलता बोलता त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण इथेही खरं वाक्य मागेच राहत होतं. त्या थांबल्या. "आईंचा आवाज मी घालवला," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. "मी एकदाही ऐकला नव्हता. काय होतं त्यात?"

वन्सं पायरीवर बसल्या. "चाळिसाव्या वर्षी सायकल शिकली, ते सांगितलंय. दोनदा गटारात पडली. सगळं सांगून झालं तरी मी रेकॉर्डर चालूच ठेवला होता. तर शेवटी म्हणते..."

त्यांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला, पदराने पुसला, आणि भावजयीच्या पाठीवर हात ठेवून अगदी सासूबाईंच्या थकलेल्या, कंटाळलेल्या, मायेच्या सुरात म्हटलं, "झालं का गं? बंद कर आता."

कोशबाईंनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना सहापर्यंत उघडा असतो, म्हणून दोघी तिकडे चालू लागल्या.